आपल्या शाखेबाहेरच्या श्रोत्यांपुढे संशोधन मांडताना

वाडीकर

नमस्कार मंडळी,

निवृत्त झाल्यापासून माझा एक नेम आहे. बडोद्यात कोणत्याही विभागात संशोधक विद्यार्थ्याचे किंवा प्राध्यापकाचे व्याख्यान असल्याचे कळले, की विषय न पाहता जाऊन बसायचे. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून रसायनशास्त्राची व्याख्याने मात्र मी हल्ली टाळतो. तेथे माझ्यातला परीक्षक जागा होतो आणि ऐकायचे राहून जाते.

बडोद्यासारख्या गावात असा नेम चालवणे सोपे आहे. बडोदा कॉलेज १८८१ चे, त्रिभुवनदास गज्जरांचे तंत्रशिक्षणाचे कलाभवन १८९० चे, संस्कृत हस्तलिखितांचे काम १९१५ पासूनचे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ललित कला आणि पुरातत्त्व हे विभाग त्यानंतर लगेचच आले. परिणाम असा की पोथ्या, यंत्रशाळा, शिल्पे आणि उत्खननातील खापरे हे सारे एका स्कूटरच्या टप्प्यात आहे. तरीही एका विभागातला माणूस दुसऱ्या विभागाचा जिना सहसा चढत नाही, हे मी स्वतःच्या नोकरीच्या वर्षांवरूनच सांगतो. माझ्या विभागापासून पुरातत्त्व विभाग पायी जाण्याजोग्या अंतरावर होता, तेथे प्रा. के. टी. एम. हेगडे पुरातत्त्वीय रसायनशास्त्राचे काम करीत होते, आणि मी, रसायनशास्त्राचा माणूस, त्यांना ऐकायला एकदाही गेलो नाही.

मागच्या हिवाळ्यातील प्रसंग सांगतो. एक विद्यार्थिनी हडप्पाकालीन शंखाच्या बांगड्यांवर बोलत होती. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि कच्छच्या आखातालगतचे बगसरा या दोन्ही स्थळी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलेले आहे आणि शंखकामाचा पुष्कळ अवशेष तेथे मिळालेला आहे. तिने पडद्यावर एकच छायाचित्र ठेवले होते: अर्धवट कापून टाकून दिलेला शंख. आपल्या पूजेतला जाड शंख, त्याचा मधला पिळाचा दांडा फोडून काढायचा आणि उरलेल्या पोकळ भागाच्या आडव्या चकत्या करवतीने पाडायच्या, म्हणजे एकेका चकतीची एकेक बांगडी होते. श्रोत्यांत यंत्रशाळेत उभा जन्म गेलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारले, "करवतीने माल किती खाल्ला?"

सभागृहातील निम्म्या लोकांना प्रश्न कळला नाही. त्या शिक्षकांनी उठून समजावले. करवत जाते तेथे पात्याच्या जाडीइतका, किंबहुना थोडा अधिक, माल भुकटी होऊन जातो. पाते जाड असेल तर एका शंखातून बांगड्या कमी निघतील. तेव्हा त्या अर्धवट खाचेची रुंदी मोजली, तर पाते किती पातळ होते हे कळेल, आणि तितके पातळ तांब्याचे किंवा काशाचे पाते न वाकता चालवणारा कारागीर कोणत्या तोडीचा होता, हेही कळेल. विद्यार्थिनीने बांगड्यांचे आतले-बाहेरचे व्यास मोजले होते, जाडी मोजली होती. खाच मोजलेली नव्हती. तिने तसे सरळ सांगितले आणि वहीत लिहून घेतले.

त्या संध्याकाळपासून माझे एक मत बनले आहे, ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढतो आहे. आपण समजतो की परक्या शाखेच्या श्रोत्यांसाठी विषय सोपा करायचा असतो. मला वाटते, विषय थोडा घ्यायचा असतो. पण जो घ्यायचा तो पुरा, मोजमापांसह, अडलेल्या जागेसह ठेवायचा असतो. सोपे केलेले व्याख्यान ऐकून लोक "छान" म्हणतात आणि चहाकडे वळतात. याउलट मी ऐकलेल्या बहुतेक व्याख्यानांत (कोठली ते सांगत नाही) वीस मिनिटांत पन्नास स्लाइड असतात, त्यांतल्या पहिल्या पंधरा पूर्वसूरींच्या यादीच्या, आणि वक्ता संपूर्ण वेळ पहिल्या रांगेतल्या आपल्या गाइडच्या चेहऱ्याकडे पाहत असतो.

आपले अनुभव लिहावेत. विशेषतः ज्यांना स्वतः बोलावे लागते, त्यांनी.

---

शंखवलय

वाडीकर सर, ती विद्यार्थिनी मी. आपण लिहिले तितक्या शांतपणे मी ते ऐकून घेतले नव्हते. वहीत जे लिहिले ते "मेले" इतकेच होते.

खरे सांगायचे तर एकच छायाचित्र ठेवण्याचा निर्णय माझा नव्हता. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांचे जमेना, आणि आदल्या दिवशी कोणाला तरी पाठवलेले ते एक चित्र तेवढे फोनमध्ये होते. माझ्या मूळ सादरीकरणात स्थलनकाशे होते, कालक्रमाचे तक्ते होते, सत्तेचाळीस स्लाइड होत्या. त्या चालल्या असत्या तर तो अर्धवट शंख एकतिसाव्या स्लाइडवर दहा सेकंद दिसला असता आणि प्रश्न आलाच नसता. त्यामुळे आपले मत मला पटते, परंतु त्याचे श्रेय माझ्या नियोजनाला देऊ नये.

---

पोथीवाचक

उत्तम विषय. माझा अनुभव संस्कृत पाठचिकित्सेचा, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या कामाचा आहे.

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली, हे येथील पुष्कळांना ठाऊक असेल. असे काम कसे चालते, यावर काही वर्षांपूर्वी मी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे बोललो. मी त्यांना एवढेच दाखवले की नक्कल करणारा लेखक कोठे चुकतो. हातच्या देवनागरीत "ख" आणि "रव" एकमेकांत मिसळतात, "प" आणि "य" मिसळतात. एकच शब्द दोन ओळींच्या अंतराने पुन्हा आला, की लेखकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधल्या ओळी गळतात. आता पाच पोथ्यांपैकी तीन पोथ्यांत नेमक्या त्याच ओळी गळलेल्या असतील, तर त्या तिघी एका आईच्या लेकी आहेत असे आपण धरतो. योग्य पाठ सारखा असणे यावरून नाते सिद्ध होत नाही, कारण योग्य पाठ कोणालाही मिळू शकतो. नाते सिद्ध होते ते सारख्या चुकीवरून.

हे ऐकून सूक्ष्मजीवशास्त्राची एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही हेच करतो." जनुकांची नक्कल होताना बदल राहून जातात आणि समाईक बदलांवरून वंशवृक्ष मांडला जातो. इथवरचे साम्य मला पुस्तकांतून माहीत होते; इंग्रज कवी चॉसरच्या एका काव्यभागाच्या १५ व्या शतकातील ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्राच्या संगणकीय पद्धतीने मांडणारा लेख १९९८ साली "नेचर"मध्ये आला होता. पण तिचा पुढचा प्रश्न मला माहीत नव्हता. तिने विचारले की लेखकासमोर एकाऐवजी दोन पोथ्या असतील आणि तो दोन्हींतून निवडून लिहीत असेल, तर तुमचा वृक्ष कसा टिकतो? आमच्याकडे याला पाठसंकर म्हणतात आणि रामायण-महाभारतासारख्या ग्रंथांत ती मोठीच डोकेदुखी आहे. ती म्हणाली, जिवाणू आईकडून जनुके घेतात तशीच शेजाऱ्याकडूनही घेतात, त्यामुळे आमचाही वृक्ष कित्येकदा जाळे होतो, आणि जाळे मांडण्याच्या रीती आम्हाला शोधाव्या लागल्या आहेत. त्या रीती मी तिच्याकडून सहा महिने शिकत होतो. आमच्या विभागातील सहकारी अजून विचारतात की पोथी सोडून तुम्ही जिवाणूंच्या मागे का लागलात.

वाडीकरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. अडलेली जागा दाखवायची, हे खरे. पण ती नेमकी दाखवायला हवी. "पाठनिर्णय कठीण असतो" असे मी म्हणालो असतो, तर तिला धरायला काही मिळाले नसते. गळलेल्या ओळी डोळ्यांपुढे होत्या म्हणून तिने हात घातला.

---

अर्धविराम

क्षमा असावी, पण मला इतका उत्साह वाटत नाही. मी औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करतो आहे आणि वरील दोन्ही प्रसंगांतील विषयांत चोरण्याजोगे काही नाही, असे मी आदरपूर्वक म्हणेन.

आमच्याकडे अडलेली जागा दाखवणे म्हणजे काय, ते पाहा. एखाद्या नव्या संयुगाची किंवा ते शरीरात पोहोचवण्याच्या रीतीची माहिती पेटंटच्या अर्जाआधी जाहीर झाली, तर तिचे नावीन्य संपते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३१ नुसार विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, परंतु युरोपात अर्ज करायचा असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय हल्ली पडद्यावर काही आले की पन्नास फोन वर होतात. माझ्या एका मित्राने अप्रकाशित आलेख दाखवला आणि तो आलेख त्याच रात्री तिसऱ्याच गटात फिरत होता. त्यानंतर त्याच्या गाइडनी त्याला वर्षभर कोठेही बोलू दिले नाही.

आणि वेळेचे काय? फेलोशिपची मुदत मोजकी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी दोन परिषदांत निबंधवाचन आणि एक शोधनिबंध अशी अट होती; २०२२ च्या नियमांत ती राहिली नाही. तेव्हा आता कागदोपत्रीही बोलण्याची सक्ती नाही, मग मी यंत्रशाळेतल्या आणि संस्कृतातल्या लोकांपुढे बोलून काय मिळवावे?

---

वाडीकर

अर्धविराम, तुमच्या मित्राचे झाले ते वाईट झाले, आणि फोटो काढू नयेत ही सूचना व्याख्यानाच्या सुरुवातीला देणे हा आयोजकांचा धर्म आहे. पेटंटचा मुद्दा मान्य. पण झाकायची ती रचना झाका आणि अडचण दाखवा. या दोन गोष्टी बहुतेक वेळा वेगळ्या काढता येतात. गोळी दमट हवेत फुटते आहे, हे सांगण्यासाठी गोळीत काय आहे ते सांगावे लागत नाही.

नियमांविषयी एक आठवण देतो. त्याच २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधीचे निवेदन सर्व अध्यापकांना व इतर संशोधक विद्यार्थ्यांना खुले असावे, असे म्हटले होते, आणि मौखिक परीक्षाही रस असलेल्या इतर अभ्यासकांना खुली ठेवलेली होती. दार कागदोपत्री उघडेच होते. मी अशा मौखिक परीक्षांना जाऊन बसतो तेव्हा मला कोणाचे नातेवाईक समजून पेढे देण्यात येतात.

---

नदीकाठ

माझे उदाहरण घरचेच आहे. विश्वामित्री नदीच्या काठावर राहतो, त्यामुळे मगरी आम्हाला शेजारी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या आमच्या सोसायटीच्या रस्त्यावरही आल्या होत्या.

त्यानंतर नदीकाठाच्या बांधणीवर स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचे व्याख्यान होते. काठाचा उतार किती ठेवावा, दगडी अस्तर कोठे करावे, पाण्याचा वेग किती, सारे नकाशासह. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारले की या उतारावर मगर अंडी कोठे घालील. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी मातीच्या काठात खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यातील तापमानावर ठरते. दगडी अस्तराखाली खड्डा होत नाही, आणि झाडे तोडली की सावली जाते, म्हणजे तापमान बदलते. वक्त्याने प्रामाणिकपणे सांगितले की माझ्या आराखड्यात पाणी आहे, माती आहे आणि माणसे आहेत, मगर नाही.

मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, विद्यापीठाशी संबंध नसलेले, काठावर म्हशी पाळणारे. त्यांनी गुजरातीतून कोणत्या वळणावर दरवर्षी पिल्ले दिसतात ते वळणांच्या बोलीतल्या नावांसह सांगितले. नकाशावर ती नावे नव्हती. वक्ता खाली उतरला, त्यांच्या शेजारी बसला आणि नकाशावर पेन्सिलीने खुणा करू लागला. अध्यक्षांनी आभारप्रदर्शन सुरू केले तरी ते दोघे उठले नाहीत.

---

कमानीखालून

या निमित्ताने भाषेचा विषय निघायला हवा. वरच्या प्रसंगात ते गृहस्थ बोलू शकले, कारण सभा गुजरातीत ऐकायला तयार होती. इंग्रजी हे विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम आहे आणि स्लाइड इंग्रजीत असतात, यात गैर काही नाही. पण बोलणेही इंग्रजीतच असले पाहिजे असे कोणी सांगितले? मी इतिहासाची विद्यार्थिनी. बडोदे संस्थानच्या मराठी कागदपत्रांवर बोलताना मी मोडीतील मूळ ओळ दाखवते, मराठीत वाचते, गुजरातीत समजावते आणि इंग्रजीत संज्ञा सांगते. बडोद्याच्या श्रोत्यांना हे मुळीच जड जात नाही. सेव-उसळ खाणाऱ्या गावाला मिश्रणाचे काय?

याच संस्थानाने १९३१ साली "श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु" नावाचा कोश काढला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. मला तो पाहताना नेहमी वाटते की कोश करणाऱ्यांना एकाच सभेतील निरनिराळे श्रोते डोळ्यांपुढे दिसत असावेत.

दुसरी गोष्ट प्रश्नोत्तरांची. पहिला प्रश्न नेहमी सर्वांत ज्येष्ठ माणूस विचारतो, आणि तो बहुधा प्रश्न नसतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० देशांतील ३५ संस्थांमधली २४७ चर्चासत्रे पाहिली गेली. स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की ही तफावत वाढते, असे तेथे आढळले. आम्ही काही मैत्रिणींनी आमच्या विभागात एवढेच सुरू केले आहे की पहिला प्रश्न दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा. ज्येष्ठ मंडळी पहिल्या दोन वेळा रुसली.

---

रंगपाटी

ललित कला शाखेतून एक छोटी टीप. आमच्याकडे विद्यार्थी आपले काम भिंतीवर लावून त्याच्यासमोर उभा राहतो, आणि इतर त्या कामाविषयी बोलतात. पुष्कळदा त्याला स्वतःला अर्धा वेळ गप्प राहावे लागते. इतर विभागांच्या व्याख्यानांत मला खटकते ते हे की वक्ता एक क्षणही गप्प राहत नाही. चित्र असो वा आलेख, लोकांना तो नुसता पाहायला अर्धे मिनिट द्यावे. शंखवलय यांच्याजवळ एकच चित्र होते, म्हणून लोकांनी ते पाहिले.

---

प्रमेय

तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याच्या स्पर्धा हल्ली सगळीकडे होतात, त्यांविषयी कोणी लिहिले नाही. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ साली निघाली. तेव्हा तेथे दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची वाळूची घड्याळे लावली होती. त्यावरून ती सुचली म्हणतात. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटे, त्यापुढे गेलात की बाद.

मी अशा स्पर्धेत बक्षीस मिळवलेले आहे, तरी माझे मत प्रतिकूल आहे. गणितातील माझा विषय मी तीन मिनिटांत रंजक करून सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकानेही प्रश्न विचारला नाही, कारण स्पर्धेत प्रश्नांना जागाच नव्हती. पुढच्या महिन्यात संख्याशास्त्रवाल्यांपुढे पाऊण तास फळ्यावर बोललो, दोनदा चुकलो, आणि दुसरी चूक ज्याने दाखवली त्याच्याबरोबर आता काम करतो आहे.

---

दंतकथा

मी व्यवसायाने दंतवैद्य. या धाग्यावर केवळ वाचक म्हणून आलो होतो. परंतु शंखवलय यांच्या खाचेवर अजून कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटते.

तुम्ही खाच मोजणार कशी? व्हर्नियर कॅलिपरचे तोंड इतक्या अरुंद जागेत तळापर्यंत जाणार नाही आणि वरच्या कडा झिजलेल्या असणार. आम्ही दाताच्या पोकळीचा ठसा ज्या सिलिकॉनने घेतो, त्याने त्या खाचेचा ठसा घ्या. खाच उलटी होऊन हातात येईल, तिचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येईल, आणि करवतीचे दाते ज्या रेषा ओढतात त्याही दिसतील. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत लेनर्ड गोरेलिक या दंतवैद्याने आणि दंतविज्ञानाचे अभ्यासक जॉन ग्विनेट यांनी प्राचीन मणी व मुद्रांमधल्या भोकांचे ठसे असेच सिलिकॉनने घेऊन, ती कोणत्या गिरमिटाने पाडली ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते.

फक्त एक इशारा. जुना शंख सच्छिद्र झालेला असतो आणि सिलिकॉनचा तेलकट अंश त्यात उतरून डाग पडू शकतो. मूळ वस्तूला हात लावण्याआधी नव्या शंखावर करून पाहा आणि भांडारप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. साहित्य माझ्या दवाखान्यातून देईन.

---

शंखवलय

दंतकथा सर, आपला निरोप वाचला तेव्हा मी बसमध्ये होते. उतरायचा थांबा चुकला.

परवानगीचा अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. दरम्यान बडोद्यातल्या मांडवीजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून एक नवा शंख घेतला. दुकानदाराने तो वाजवून दाखवला आणि कापायचा आहे म्हटल्यावर परत घेऊ लागला. ज्यांनी "माल किती खाल्ला" असे विचारले होते, त्याच शिक्षकांनी काल संध्याकाळी यंत्रशाळेत तो चिमट्यात धरून दिला. साध्या लोखंड कापायच्या करवतीने मी सुरुवात केली. बोटाच्या पेरभर खोल जायला मला चाळीस मिनिटे लागली, पाते दोनदा अडकले, खाच वाकडी गेली आणि केस जळाल्यासारखा वास साऱ्या खोलीत भरला. बंगालमध्ये शंखाच्या बांगड्या करणारे शांखारी पूर्वी भल्या मोठ्या चंद्रकोरीच्या आकाराची करवत का वापरीत, हे मी प्रबंधात एका वाक्यात लिहिले होते. ते वाक्य आता पुन्हा लिहावे लागेल, कारण सरळ पाते वळणदार भिंतीवर कोठे घसरते, ते काल हाताला कळले.

खाली पडलेली पांढरी भुकटी सरांनी कागदावर गोळा करून तोलायला दिली आहे. वाडीकर सर, रसायनशास्त्राचा तराजू अजून आपल्या ओळखीचा असेल, तर शनिवारी यावे.

---

वाडीकर

येतो. अकरा वाजता चालेल का? भुकटी उघडी ठेवू नका, दमटपणा धरते. झाकणाच्या बाटलीत घालून आणा, आणि बाटली रिकामी असताना आधी तोलून घ्या.